बुलबुलामागचा हिरवा

मंगळवार, ९ एप्रिल. हदगाव.

वर्षश्राद्धाला आईचा फोटो हवा, म्हणून ताई आली. आधार कार्डावरचा तिला नको, त्यात आई घाबरलेली दिसते. संध्याकाळभर माझ्या कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. परसातले बुलबुल, खारी, सरडे. आई कुठेच नाही.

बुलबुलापाशी ताई थांबली. "मागं हे हिरवं काय हाय रे?"

आईचं लुगडं, मी सांगितलं. शेवग्याच्या फांदीमागची भिंत उघडी दिसायची, म्हणून मी आईला तिथे उभं करायचो. हिरवा रंग मागे छान धूसर यायचा. ती जराही हलायची नाही. एकदाच म्हणाली, "पाखराचा फोटू अन् मायचा पडदा. माझा बी काढ की एखादा."

"उजेड गेला, आई. उद्या काढू."

खरंच गेला होता का उजेड? आठवत नाही. बुलबुलाचं पीस न् पीस मोजता येतं. हिरवा मात्र नुसता हिरवा.

"हाच लावू," ताई म्हणाली. "पाहुणे विचारतील, माय कुठं हाय. तू सांग."