गुरुवारची फ्लॉपी

गुरु. ६ नोव्हें. ९७
सातच्या एस.टी.ने रोहा. खिशात फ्लॉपी, तीत पेणच्या विजेच्या मीटरांचं आठवड्याचं रीडिंग. खांब गावाशी गाडी तापली, सगळे उतरून इंजिनकडे नातेवाइकासारखे बघत उभे.
रोह्याच्या ऑफिसातलं मशीन फ्लॉपी गिळतं, पाऊण तास रवंथ करतं, मग बिलांची यादी देतं. तो पाऊण तास माझा. ताईकडे.
दारात भावोजी. 'ऑफिसचं काम निघालं वाटतं.'
'व्हय. इकडून जात होतो.'
ऑफिस स्टेशनजवळ, ताईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. इकडून कुठेच जाता येत नाही. दोघांनाही ठाऊक. चहा आला.
ताईची उजवी बाजू गेली त्याला आठ महिने. वाचाही गेली. डाव्या हाताने माझं मनगट धरते.

सोम. १०
मोडेम आला. टेलिफोनच्या तारेवरून पेणचं मशीन रोह्याच्या मशीनशी परस्पर बोलणार. साहेब म्हणाले, 'तुमची दगदग वाचली.' मी आभार मानले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तेवढं येतं.
शिपाई पाटील, 'मशिनी बोलणार आन मानसं गप. बरा हाय.'

गुरु. १३
रोहा. तसंच.
परतताना गाडीत आठवत बसलो. सहा वर्षं झाली. आई गेली, ताईला तार करायची होती, मी गडबडीत दुपारपर्यंत विसरलो. लोक म्हणाले, उजेडात उरकू. चारपर्यंत थांबलो. ताई सव्वापाचला उतरली. भोगावतीच्या काठी धूर दिसला तेवढाच. ती काही बोलली नाही. बोलले भावोजी, 'आईचं तोंडसुद्धा दाखवलं नाय. कामाशिवाय आमच्या दारात येऊ नका.'
चार वर्षं गेलो नाही. मग ऑफिसने दर गुरुवारी फ्लॉपी रोह्याला धाडायचं काढलं. मी हात वर केला, लोकांना वाटलं कामसू आहे.
ताईला अजून 'चुकलं' म्हटलेलं नाही. बोलती होती तेव्हा धीर झाला नाही, आता तिला ऐकू तरी येतं की नाही…

मंगळ. १८
मुंबईहून कुलकर्णीबाई आल्या, मशीनचं वेळापत्रक भरायला. पेणचं काम मला ठाऊक म्हणून मला बसवलं.
'आधी पाठवायचं की घ्यायचं?'
'पाठवायचं.'
'वार, वेळ?'
'गुरुवार. सकाळी दहा.'
'इतक्या गर्दीत? पहाटे पाच लिहिते, लाइन मोकळी असते. आणि समोरच्याने उचललं नाही तर किती वेळ थांबायचं?'
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
'काका, आकडा सांगा.'
'सव्वा तास.'
हसल्या. 'मशीन आहे हो. त्याला कोणाचा लळा?' वीस मिनिटं लिहिलं. वीस मिनिटांनी सोडून द्यायचं.
सहीच्या जागी मी सही केली.

गुरु. २०
शेवटची फेरी. ताईशी एकटं बोलायचं होतं. भावोजी उठेनात, काडीने कान कोरत बसले. मीच म्हटलं, 'पुढच्या आठवड्यापासून हे मशीनच पाठवणार.'
'म्हणजे इकडचं काम संपलं तुमचं.'
'व्हय.'
पुढचं वाक्य त्यांनी बोलावं म्हणून मी थांबलो. मी बोलावं म्हणून तेही थांबले असतील. चहा निवला. ताईची बोटं मनगटावरून एकेक करून सोडवावी लागली.

गुरु. २७
पहाटे पाचला पहिल्याच फटक्यात झालं. रोह्याहून पोच, 'सर्व मिळाले.' साहेबांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.
दहा वाजता टेबलावर ऊन येतं. गुरुवारी कधी जागेवर नसायचो, माहीत नव्हतं.

गुरु. ४ डिसें.
रजा टाकली. कारण, खाजगी. रोह्याला उतरलो, हातात काही नाही.
भावोजी दारात. 'मशीन बिघडलं?'
हो म्हणायचं ओठांवर आलं होतं.
'नाय. चाललंय ते.'
'मग काय काम काढलंत?'
'काम काय नाय. ताईला भेटायचंय. तिला सांगायचंय, माझं चुकलं.'
उंबऱ्यातून हलले नाहीत. आत खाट करकरली. त्यांनी मान वळवून बघितलं, मग भिंतीला सांगावं तसं म्हणाले, 'मागच्या गुरुवारी दिवसभर जेवली नाय.'
आत गेले. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. दार उघडं टाकलंय. पायरीवर बसून हे लिहितोय. परतीची गाडी साडेबाराला. अजून वेळ आहे.