पितळी रेघेवरचे बारा

अप्पा,

गेल्या महिन्यात मनोऱ्यात जाऊन आलो. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. गावच्या कौन्सिलनं तो दुरुस्त करून पुन्हा लोकांसाठी उघडलाय. तुम्ही राखणदार असताना तुमच्या किल्ल्या जिथं टांगलेल्या असायच्या तिथं आता पोस्टकार्डं विकतात. वरच्या खोलीत मात्र सगळं जागच्या जागी आहे. दक्षिणेच्या भिंतीतलं ते भोक, आणि फरशीत बसवलेली पितळी रेघ. माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. ट्यूडर राजांच्या काळात कुणा श्रीमंतानं तारे बघायला मनोरा बांधला, भोकातून आलेला उन्हाचा ठिपका रेघेवर आला की इथले बारा वाजायचे आणि त्यावरून खालचं घड्याळ लावायचे, हे सगळं तिनं नीट सांगितलं. तुम्ही सांगायचात तसं नाही, पण नीट. ठिपका रेघेवर आला तेव्हा एकानं मोबाइल बघितला आणि हसला, म्हणाला, एक वाजला की. उन्हाळ्यात इथं घड्याळं तासभर पुढे करतात आणि हिवाळ्यात मागे घेतात, ते तिनं सांगितलं. मग म्हणाली, एकदा तर काही वर्षं या देशानं हिवाळ्यातही घड्याळं मागे घेतली नव्हती, तेव्हा भर जानेवारीतसुद्धा खरे बारा एक वाजल्यानंतरच व्हायचे. सगळ्यांना गंमत वाटली. मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकून वर्षं मोजली. त्यातल्याच एका हिवाळ्यात माझी मुलगी, तुमची नात, जन्माला आली होती.

तुम्हाला माहीत आहे माझा स्वभाव. नववीत शाळा सुटली, तुमच्यामागून या देशात आलो, कारखान्यात लागलो, आणि प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारून केली. घराचा रंगसुद्धा. गावातली आपली चार घरं मुहूर्त तुमच्याकडून घेत. पंचांग तुम्ही तुमच्या वडिलांकडून शिकलात, शिवाय मनोऱ्याचं घड्याळ तुमच्या हातात. लोक म्हणायचे, अप्पांनी सांगितलेली वेळ चुकायची नाही. मला त्याचा किती अभिमान होता.

म्हणून तो बर्फीचा दिवस जसाच्या तसा आठवतोय. मुलगी एका दिवसाची आहे. शेजारणीनं मिल्क पावडरची बर्फी करून दिली आहे आणि तो डबा घेऊन मी तुमच्याकडे मनोऱ्यात आलोय. बाहेर सगळं गोठलेलं, पण ऊन लख्ख पडलंय. सूर्य खाली असल्यामुळे ठिपका पार उत्तरेच्या भिंतीजवळ गेला आहे. तो रेघेवर आल्याबरोबर तुम्ही बर्फीचा एक तुकडा तिथं ठेवता, म्हणता, सूर्यनारायणाला नैवेद्य. मी म्हणतो, अप्पा, घड्याळात तर एक वाजून गेला. तुम्ही हसता. "अरे, घड्याळ सरकारचं. तासाभरानं खोटं बोलतंय. खरे बारा हे, इथं." मग तो तुकडा उचलून तुम्ही माझ्याच तोंडात घातलात.

तिची पत्रिका तेव्हा केली नाही. करू की, लग्नाचं येईल तेव्हा, असं म्हणालात. ते आलं ती पंचवीस वर्षांची असताना. मुलगा कॉव्हेंट्रीचा, दोघांचं आधीच जमलेलं, घरचे लोक चांगले. फक्त त्याच्या आजीला पत्रिका हवी होती. हॉस्पिटलनं सांगितलेली वेळ मी तुम्हाला दिली. तुम्ही दोन दिवस घेतलेत आणि स्वयंपाकघरात, ती भांडी विसळत असताना, मला म्हणालात, "आठव्या स्थानी मंगळ आहे. हे लग्न करू नकोस." तिनं नळ बंद केला नाही. त्या मुलाच्या वडिलांना फोन मी केला. आई गेल्यावर तुमचं सगळं तीच करायची, तुमची औषधं, जेवण, रविवारी गाडीतून मनोऱ्यापर्यंत फेरी. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याचा संबंध मी जोडला नाही. अप्पांच्या सांगण्याला असा काही संबंध असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मनोऱ्यातून आल्यावर झोप उडाली. शेवटी ट्रेननं वेम्बलीला गेलो. तिथं एका दुकानात कॉम्प्युटरवर पत्रिका करून देतात. मी जन्मवेळ सांगितली, आणि त्या हिवाळ्यातला तासाचा फरक समजावू लागलो. तो पोरगा म्हणाला, "काका, ते त्याला माहितीये. ऑटोमॅटिक कमी करतो." मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. तो तास कमी केला की मंगळ नवव्या स्थानी. दोष नाही. मी त्याला दोनदा करायला लावलं. अप्पा, यंत्राला जे माहीत होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं असं मी कसं समजू? तुम्ही तर ते बर्फी ठेवून मला दाखवलं होतंत. विसरलात म्हणावं, तर सगळ्या गावाचं घड्याळ लावणारा माणूस नेमका तेवढाच तास कसा विसरेल? त्या मुलाचं लग्न पुढच्याच वर्षी झालं. ही बिनलग्नाची राहिली. तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्याजवळ राहिली.

आज घड्याळं मागे घ्यायचा रविवार. ती नेहमीप्रमाणे वॉटफर्डहून आली, स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ लावू लागली. तुमच्या फोटोला तिनं फुलं आणली होती. ती बघून माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, मनोऱ्याचं, बर्फीचं, वेम्बलीचं. मला वाटलं ती रडेल, माझ्यावर ओरडेल. तिनं काटा जागेवर आणला, खाली उतरली आणि म्हणाली, "बाबा, मला माहीत होता. आजोबांनी मला सांगितला, त्यांच्या लास्ट इयरमध्ये. खूप रडले ते."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस.

"तोपर्यंत त्या कॉव्हेंट्रीवाल्याला बेबी झाला होता. तुम्ही काय केलं असतं? रात्रभर घरात फिरले असते. आजोबा पण म्हणाले, बाबाला नको सांगू, त्याला सोसणार नाही." मग तिनं स्टूल जागेवर नेऊन ठेवलं आणि चहा टाकला.

तुम्हाला तिनं माफ केलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. फुलं तर नेहमीसारखी ठेवली तिनं. ती गेल्यावर मी तुमचा फोटो उतरवून कपाटात ठेवला. पुढच्या रविवारी ती विचारेल म्हणून पुन्हा लावला. आता समोर बसून हे लिहितोय, आणि हे ठेवायचं कुठं तेही कळत नाही. एक मात्र खरं सांगतो, अप्पा. तिचं आयुष्य गेलं त्याचा राग यायला हवा तेवढा मला आला आहेच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की तुम्ही तिच्याजवळ रडलात आणि माझ्याजवळ नाही.