रिठीचा रुमाल

बडेबाबू, शुक्रवारी तुमचा मुलगा कचेरीत आला होता. सोबत त्याची मुलगी होती, म्हणजे तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण नाक तुमचंच आहे, आणि समोरच्याकडे पापणी न हलवता बघायची सवयही. तिला नागपूरला नर्सिंगची जागा मिळाली होती. जात पडताळणीला घराण्यातला जुना पुरावा हवा होता, आणि तुमच्या घरात तेवढं जुनं माणूस एकच निघालं, तुम्ही. आमगावकडच्या तुमच्या गावाची कोतवाल पंजी इथंच आहे. गावातले जन्म आणि मरणं कोतवाल तीत लिहायचा, बापाचं नाव आणि जात धरून. तुमच्या जन्माची तेवढी एक ओळ त्यांना पाहिजे होती, आणि शनिवारी पाचला मुदत संपत होती. अभिलेख कक्षातला कारकून नवीन आहे. कोणी आलं की तो माझ्याकडे बोट दाखवतो, कारण जुना रेकॉर्ड लावून स्कॅन करायचा ठेका माझा आहे. मी दोघांना बसवलं, चहा सांगितला, साखर चालते का विचारलं, आणि म्हटलं, सापडत नाही.

मी या खोलीत पहिल्यांदा आलो तो तुमच्या हाताखाली, रोजंदारीवर धूळ झाडायला. पंचविशी उलटली होती, लग्न झालेलं होतं. सकाळची गाडी धरून दरेकशाहून यायचो आणि छतापर्यंत गेलेल्या लोखंडी रॅकवरून रुमाल उतरवायचो. एकेका गावाचे कागद लाल कापडात बांधलेले, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. कोणत्या गावाचा रुमाल कुठं, याची यादी तुम्ही कधी केली नाही. साहेबानं विचारलं की तुम्ही नुसते हसायचे. पाठ फिरली की मला म्हणायचे, "यादी करून देली त मंग मी कायले पायजे याइले?" म्हणून मी तुमची विद्या कानानं शिकलो. टेबलावर टाकलेला रुमाल भरलेला आहे का त्यातून काही निघालं आहे, हे मला आवाजावरून कळायला लागलं. तुम्ही खरोखर शोधत असायचे तेव्हा कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सारखा खुळखुळायचा. आणि सापडत नाही असं म्हणायच्या आधी तो जुडगा रॅकवर दोनदा वाजायचा. टण्, टण्. तुम्हाला हे माहीत नव्हतं. मला महिनाभरात कळलं होतं. मी डाव्या हातानं गाठ मारायचो त्यावरून तुम्ही सगळ्यांना हसवायचे, "या डावऱ्याची गाठ भुतालेही नाही सुटत."

सौंदडकडचे एक मास्तर आले होते, आठवतात? त्यांनी हात जोडले नाहीत, नुसतं म्हणाले, नियमात किती दिवस लागतात ते सांगा. तुम्ही त्यांना खुर्ची दिली. दोनदा जुडगा वाजला. ते गेल्यावर तुम्ही त्यांच्या बापाचं पान त्यांच्या गावाच्या रुमालातून काढलं आणि कोपऱ्यातला एक बारका रुमाल माझ्यापुढे सरकवला. तो रिठीचा होता. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव, ज्यात आता घर नाही, चूल नाही, फक्त नकाशात नाव आहे. त्या गावाचा कागद मागायला कोण येणार? "कागद जाळू नये," तुम्ही म्हणाले. "जाळला का चौकशी लागते. चुकीच्या रुमालात बांधला का तो गेला, आन् नाव कोनाचंच येत नाही. बांध." मी बांधला. मास्तर तीन खेपा मारून गेले, तिसऱ्या खेपेला हात जोडले, पण तुम्ही तोवर विसरून गेले होते. आपण दोघं त्यांच्या चालण्याची नक्कल करून हसलो होतो. तुम्ही छान नक्कल करायचे.

मग वनरक्षकाची भरती निघाली. आमच्याकडे जंगलात जन्मलेल्या माणसाला त्याहून मोठी नोकरी ठाऊक नव्हती. मलाही जातीच्या पुराव्याला आजोबाच्या जन्माची नोंद लागत होती आणि ती याच खोलीत होती, मी स्वतः त्या रॅकवर फडकं मारलं होतं. तुम्ही म्हणाले, तू घरचा मानूस, तू नको हात लावू, मीच पाहतो. त्या रविवारी तुम्ही मला जेवायला घरी नेलं. स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, वहिनी भात वाढायच्या आणि तुम्ही म्हणायचे, आणखी घाल, दुबळा झाला. तुमचा मुलगा दारात उभा राहून माझं खाणं बघत होता. मी विचारलं, "बडेबाबू, सापडलं का?" तुम्ही म्हणाले, "पाहून राहिलो ना बे, जेव. आन् तू गेला त मंग हे रुमाल कोन बांधन?" सगळे हसले, मीही हसलो. भरतीचा दिवस गेला. पुढच्या भरतीच्या आधी माझं वय गेलं. ती पहिली भरती हुकल्यावर आठ दिवसांनी तुम्ही मला एक दाभण दिली, कागदाला भोक पाडून दोरा ओवायची, शिसवी मुठीची, तुमच्या स्वतःच्या वापरातली. "हे घे. हातातली विद्या कोनी नेत नाही." मी तुमच्या पाया पडलो.

त्या विद्येवर मी उभा राहिलो हे खरं आहे. तुम्ही गेल्यावर कोणालाच काही सापडेना, आणि माझ्या कानात सारी खोली होती. आधी साहेबांनी बोलावून विचारलं, मग दुसऱ्या तालुक्यानं विचारलं, मग ठेके लागले. आज माझ्याकडे बारा मुली स्कॅनर चालवतात, दारात गाडी आहे, लोक मला काका म्हणतात आणि माझे किस्से ऐकायला थांबतात. तुमचं नाव निघालं की मी हात जोडतो. यंदा होळीनंतर रिठीचा रुमाल उघडायची पाळी आली. तो मी स्वतःच उघडला. आत परक्या गावांची पानं होती, शिवण सुटलेली, एकावर एक नीट लावलेली. मास्तरच्या बापाचं होतं. आणि खालून तिसरं माझ्या आजोबाचं. शाई ताजी वाटावी इतकी काळी होती, कारण त्या पानाला कोणी उजेड दाखवलाच नव्हता. बाकीची पानं मी आपापल्या गावाच्या रुमालात नेऊन लावली. ज्यांची होती त्यांतले बरेच तिकडं तुमच्याकडेच पोचले असतील, भेटले तर सांगा. माझं पान घरी नेलं नाही, आता काय करायचं त्याचं? ते तिथंच राहू दिलं. आणि त्याच दुपारी तुमच्या गावाची पंजी काढली, तुमचं पान शोधलं आणि माझ्या पानावर ठेवलं. तुमचं नावही नाही त्यात, बडेबाबू. अमक्याला मुलगा झाला, एवढंच. मग स्कॅनरवरच्या मुलीला सांगून रिठीच्या नावानं स्कॅन करून घेतलं. तुमच्या काळी तुम्ही एका खोलीत हरवायचे. आता तुम्ही सगळ्या संगणकांत एकाच वेळी चुकीच्या गावात जन्मलेले आहात.

म्हणजे शुक्रवारी शोधायचं काही नव्हतंच. तुमचा मुलगा म्हणाला, "भाऊ, बाबानं सारी नोकरी याच खोलीत काढली. त्याइचाच जलम इथं नाही भेटत?"

"जुना कागद आहे भाऊ," मी म्हटलं. "वाळवी आहे, पाणी आहे. सारंच कुठं टिकते?"

"काका, तुम्ही उठलेच नाही," नात बोलली.

"काय म्हणते बाई?"

"शोधायला. बसल्या बसल्याच सांगितलं. काऊन?"

मुलगा ओशाळला. "चूप बस. काकाले सारं तोंडपाठ आहे. तुह्या आजोबानंच शिकवलं त्याइले." आणि मला म्हणाला, "तुम्ही हाय म्हणून एवढं तरी कोनी पाहते, भाऊ."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं की माझ्या हातात तुमची दाभण होती, आणि ती मी टेबलावर दोनदा वाजवली होती. तुमच्या मुलाला काही कळलं नाही, त्याचे कान लहानपणापासून जाड. पोरीचे तसे नाहीत. जाताना तिनं चहा अर्धा ठेवला.

काल पाच वाजून गेले. आज रविवार आहे, कचेरी बंद आहे, किल्ली माझ्याकडे असते. तुमचं पान टेबलावर काढून ठेवलं आहे. आता ते तिला दिलं काय आणि न दिलं काय, जागा गेली. पुढच्या वर्षी येईल का पोरगी, कोण जाणे. मी पान परत बांधणार आहे. हे लिहिलेलं मात्र रुमालात ठेवणार नाही, इतकं मूर्ख तुम्ही मला ठेवलं नाही. हे माझ्या खिशात राहील, दाभणीजवळ.

एक सांगायचं राहिलं. होळीनंतर रिठीचा रुमाल उघडला तेव्हा गाठ सुटेना, दातानं सोडवावी लागली. गाठ डावरी होती. मग आठवलं, त्या रविवारच्या जेवणाआधीच्या शनिवारी तुम्ही मला तो रुमाल कापडात गुंडाळलेलाच दिला होता, आतलं दिसत नव्हतं, आणि म्हणाले होते, बांध. त्याआधी जुडगा दोनदा वाजला होता. मी ऐकलं होतं, बडेबाबू. मला वाटलं दुसऱ्या कोणाचं आहे, म्हणून चांगली घट्ट मारली.