लाथाळ म्हैस आन खोडमोड संघ

मु. वरवे बुद्रुक, ता. भोर

तीर्थरूप सोनबामामांच्या पायांवर जावई गेनूचं डोकं. मामा, गुडघा कसा हाय? मामींचा खोकला थांबला का? हिकडं जनावरं, शेजारपाजार, समदं खुशाल हाय. सगुणा रुसून तिकडं आली त्याबद्दल म्या ह्या पत्रात एक अक्षरबी लिवणार न्हाई. (जेवती ना? माझं नाव काढती का? असो. न्हाई म्हंजे न्हाई.) पत्राचं कारण येगळंच हाय. मामा, म्या संघात शिरलो! आन असला संघ म्या उभ्या जन्मात बघितला न्हवता.

तुमाला ठावंच हाय, माझा धंदा जनावराची खोड मोडायचा. बैल औताला बसतोय, गाय पान्हा चोरती, घोडं चावतंय, की लोक आणून माझ्या दारात बांधत्यात. तशी आंबवड्याच्या कोंडिबाची म्हैस आली. नाव लक्षुमी, पर कास धुवायला कुणी बसलं की लाथ. सगुणानं अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या व्हत्या (तुमच्याकडंच पाठवायच्या व्हत्या, मामा), त्या बाजेला म्हशीनं अशी लाथ घातली की कुरडया उकिरड्यावर. म्या सगुणाची समजूत काढायला गेलो आन त्वांडातनं निघून गेलं की दुभत्या जनावराच्या लाथा गोड असत्यात. झालं! म्हैस सुधारल्याबिगर ह्या दारात पाय ठेवणार न्हाई असं बजावून तिनं येस्टी धरली. म्हंजे आता तुमच्या लेकीचा संसार त्या म्हशीच्या पायात अडकला बघा.

म्या काय कमी केलं व्हय? मागचे पाय दाव्यानं बांधले, तर तिनं दावं तोडलं. दृष्ट काढली, तर मिरच्यांच्या धुरानं मीच खोकून मेलो. चुचकारलं, पेंड चारली, पाया पडलो (खोटं न्हाई, पाया पडताना छातीत लाथ खाल्ली). शेवटी कापूरव्होळाला चिमाजी भेटला. चावरी घोडी सरळ करण्यात त्याचा हात कुणी धरणार न्हाई. त्यो म्हणाला, अरं येड्या, एकट्यानं किती दिस लाथा खाणार, संघात ये.

मामा, म्या भोरला गेलो आन दारातच थबकलो. ही एवढी मोठी पाटी! ‘भोर-वेल्हे खोडमोड संघ’. आत टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर शिक्का. आन खुर्चीत चेअरमन आनंदराव! पोळ्याला बुजलेला बैल त्यांनी नुसतं शीळ घालून देवळापत्तुर नेलेला. पितळंचा बिल्ला त्यांनी माझ्या छातीवर लावला (लाथ लागली व्हती बरूबर तिथंच), तवा मला गहिवरून आलं. इतकी वरसं मला वाटायचं, ह्या कामात म्या एकटाच. आन हितं खोलीभर माणसं, समद्यांच्या नडग्या फुटलेल्या! एकाचं जनावर अडलं तर दुसऱ्यानं बघायला जायचं. एकानं दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायचं न्हाई. आन पयला नेम म्हंजे जनावराला मारायचं न्हाई, आदी बघायचं. मामा, देवळात गेल्यावानी वाटलं.

तेवढ्यात धाडकन दार उघडून फॉरेस्टातला गार्ड आत. कुऱ्हाडी भायेर काढा म्हणाला! त्यानं पाटी वाचलेली. भोर-वेल्ह्याच्या रानातली खोडं मोडणारे लोक उघड उघड पाटी लावून बसल्यात, असं त्याला वाटलं. आमी समद्यांनी रिकामे हात वर केले. आनंदराव मातूर उठले आन शांतपणी म्हणाले, “सायेब, ते खोड न्हवं, ती खोड!” गार्डाला उमगायला जरा येळ लागला. मंग टोपी काढून त्यो खाली बसला आन हळूच इचारू लागला, की त्याची शेळी रोज त्याचीच टोपी खाती, त्यावर काय विलाज हाय का. असा दरारा, मामा! धरायला आलेला माणूस सभासद हून गेला.

माझ्या म्हशीसाठी संघानं अक्काबाईला धाडलं. म्हातारी हाय, पर डोळे घारीचे. आली ती पायरीवर बसली आन म्हणाली, रोज करतोस तेच कर. म्या कास धुवायला बसलो, लाथ बसली, म्या पळत जाऊन पेंडीचं घमेलं म्होरं ठिवलं. पुन्ना बसलो, पुन्ना लाथ, पुन्ना घमेलं. अक्काबाई पदर त्वांडाला लावून हसाय लागली. म्हणाली, “गेनू, म्हशीला खोड न्हाई. म्हशीनं तुला शिकिवलंय!” मामा, खरंच की! लाथेच्या आदी काय हुतंय ते म्या धा येळा बघितलं, पर लाथेच्या मागनं काय येतंय ते कदी बघितलंच न्हाई! मंग नेम केला. गप उभी ऱ्हायली तर पेंड, लाथ मारली की घमेलं उचलून चालू लागायचं. आदी तर ती लई चवताळली, पर अक्काबाईनं घमेलं ठिवू दिलं न्हाई. आता लक्षुमी अशी उभी ऱ्हाती की कास धुताना डुलकी लागावी.

तर असा ह्यो संघ. तुमच्या गावात कुणी ह्या धंद्यातलं असंल तर त्याला धाडा, म्या शिफारस करतो. मामींना दंडवत.

आपला,
गेनू (सभासद)

ता. क. म्हैस सुधारली, तवा सगुणाला लावून द्या. आन मामा, रागवू नका, पर अक्काबाईची नजर घेऊन म्या जरा तुमच्या घराकडंबी बघितलं. लेक रुसून आली की तुमी कोंबडं कापता, मामी डोस्क्याला तेल घालत्यात, पाण्याचा तांब्यासुदिक हातात मिळतो. मंग ती सारखी का रुसती हे सांगाया चेअरमन कशाला पायजे? यंदा नुसतं पिठलं वाढून बघा.

आणखी ता. क. पत्र चिकटवलं आन मंग डोस्क्यात उजेड पडला, म्हून पुन्ना उकललं. मामा, तुमाला वाचाया येत न्हाई. तुमच्या घरात वाचणारी एकच हाय, आन दुसरं पत्र लिवाया माझ्याकडं कागुद न्हाई. तवा सगुणे, हितं थांब, म्होरचं मोठ्यानं वाचू नको. वरचं समदं तू वाचलंच असशील, आता मला कुठलाबी संघ वाचवणार न्हाई. म्हैस गप झाली, आन अंगणबी गप झालंय, ते मला सोसंना. कोंबडं खा, तेल घालून घे, रस्सा दोनदा घे. पर ये.