बकित आजोबांचा वरचा सूर

बिश्केक

प्रिय शकुंतला,
लेकीच्या खोलीवरून नाथाजीचा नमस्कार.

फोनवर एकटी अंकिताच बोलते म्हणून घाबरू नकोस. माझ्या घशात लहानशी गाठ आहे, साधीच. तिच्या कॉलेजच्या डॉक्टरांनी दोन महिने बोलायला बंदी केली आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तिचे घरमालक बकित आजोबा सोव्हिएत काळात इथल्या ऑपेरात टेनर होते, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे नायक. आज त्यांना शेजारीही ओळखत नाहीत. मी संतापून कागदावर लिहिलं, "हा अन्याय आहे, यावर बोललंच पाहिजे."

ते हसले. अंकिताने मराठीत सांगितलं, "आप्पा, ते म्हणतात, मॉस्कोचे परीक्षक आले तेव्हा मी सुजलेल्या घशाने हट्टाने गायलो. निवड झाली नाही आणि वरचा सूरही परत आला नाही. तुम्ही गप्प बसा."

तरी तासगावची पुढच्या महिन्यातली सभा डोक्यातून जात नाही. बेदाण्याच्या शेडमधल्या बायकांची मजुरी वाढलीच पाहिजे, आणि मी इथे मुका. दिवसभर येरझाऱ्या घालतो.

शकुंतला, ते भाषण तू कर. "आवं, किती फिरवून सांगताय," म्हणत माझी सगळी भाषणं तूच सरळ केलीस. शेडमध्ये हातही तुझेच राबले.

मी तोवर परत येईन आणि पहिल्या रांगेत बसेन. टाळ्यांवर बंदी नाही.

तुझा, सध्या ऐकणारा,
नाथाजी