मागची सीट

विन्सखोटन, १२ मे

ति. गेस्काताईस,
सप्रेम नमस्कार.

वुबो गेला, संसार एकटीचा झाला, तेव्हापासून तुला नीट पत्र लिहिलं नाही, रागावू नकोस. दरवर्षीसारखं याही मे महिन्यात सायकलवरून तुझ्याकडे यायचं ठरवते आहे. हो, तीच आमची दोघांची जोडसायकल. त्याची दृष्टी गेल्यापासून मी पुढे आणि तो मागे, अशीच आम्ही जर्मनीची सीमा ओलांडत आलो. एकदा ती लेअरपर्यंत आणावी, मग पुढचं बघू, एवढंच मनात आहे.

भावजींना नमस्कार.
तुझी,
हिला

लेअर, १७ मे

चि. हिलास,
अनेक आशीर्वाद.

हे म्हणतात, मागची सीट रिकामी ठेवून समोरचा वारा अंगावर घ्यायचा म्हणजे निव्वळ वेडेपणा. मीही तेच म्हणते, फक्त जरा गोड बोलून. आगगाडीने ये. इथल्या अंध मंडळाला जोडसायकल हवी आहे, हे गाडी घेऊन येतील आणि नेतील. तुला राग येईल. पण ती पडवीत ठेवलीस तर तू रोज तिच्याशी बोलत बसशील, मी ओळखते तुला.

चहा आणि खडीसाखर तयार आहे. इथे चहावर सोडलेली साय ढवळायची नसते, पण ती दरवेळी ढवळून टाकणारा वुबो आता नाही. त्यावरून इतकी वर्षं मी त्याला अडाणी म्हणत आले, आता तेही चुकल्यासारखं वाटतं.

जपून राहा.
तुझी ताई

विन्सखोटन, २६ मे

ति. ताईस,
नमस्कार.

काल फोनवर येत नाही एवढंच सांगितलं. कारण बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुझं न ऐकता निघाले होते. विटांचा रस्ता लागला तशी सवयीने मागे ओरडले, धक्का आहे. मग वळण आहे, मग उतार. मागच्याला दिसत नाही तर पुढच्याने सांगायचं, हे अंगात मुरलं आहे. समोरून येणाऱ्या एक बाई थांबल्या आणि मला बरं आहे ना, असं विचारून गेल्या.

सीमेवर आता नुसती पाटी आहे. तिथे तो दरवेळी विचारायचा, आलो का गं जर्मनीत? पाटी मागे पडली तरी अजून कुठलं, असं म्हणत मी त्याला गमतीने चांगलं लांबवर नेत असे. काल कोणी विचारलं नाही. पाटीपाशी उतरले, बरोबरचा पाव खाल्ला. त्याच्याशिवाय पलीकडे गेले तर तो कायमचा अलीकडे राहील, असं वाटलं. हे खुळं आहे, मला कळतं. तरी सायकल वळवली.

भावजींना गाडी घेऊन पाठव. सायकल मंडळाला देऊन टाका. फक्त त्या दिवशी मला घरी ठेवू नका, मीही त्यांच्याबरोबर गाडीतून येईन. एकटीने ती पाटी ओलांडणं माझ्याने होणार नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
हिला