खरवडलेले लाल ठिपके

आप्पा, तुम्ही वाजवायचात तो आवाज मला काही केल्या जमत नाहीये. नवा डिजिटल कीबोर्ड स्वयंपाकघरात ओट्याशेजारी मांडून बसले आहे, कारण आई दिवसभर तिथंच असते आणि हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. तिचे कान चाललेत, मशीन लावलं तरच थोडंफार ऐकू येतं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, उरलंय तेही फार दिवस टिकायचं नाही. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आप्पांचा त्यो आवाज एकदा ऐकव की. मग गेलं कान तर गेलं."

कोणता आवाज, ते विचारावं लागलं नाही. हातकणंगल्यात तिच्या मामेबहिणीच्या हळदीला तुमचा ऑर्केस्ट्रा आला होता आणि तुम्ही मधेच विलायती रॉकमधला तो जाडजूड, अंगावर येणारा आवाज सोडलात. मांडवातले म्हातारे ओरडले, "पावणं, ही काय भानगड लावलीया?" तुम्ही मान वर न करता वाजवत राहिलात. आईनं तुम्हाला पसंत केलं ते तिथंच. ती हे मला सांगायला लागली की तुम्ही लाजून बाहेर जायचात.

तुमच्या जुन्या सिंथेसायझरवर तो आवाज तुम्ही नुसत्या कानानं बसवला होता. प्रत्येक बटण कुठवर फिरवायचं, तिथं आईच्या नकळत तिच्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका. मी एकदा हात लावला तर केवढ्यानं खेकसला होतात, "हितं बोट लावायचं न्हाय. हललं की गेलं." आणि गेलंच, आप्पा. तुमच्यानंतरच्या खंडेनवमीला आईनं तो पूजेसाठी पुसायला घेतला. ठिपके तिला जुन्या पूजेचं वाळलेलं कुंकू वाटले. नखानं खरवडून काढले, बटणं फिरवून फिरवून चकचकीत केली आणि वर झेंडूचा हार घातला. आपण काय घालवलं हे कळल्यापासून ती त्या विषयावर बोलत नाही. आता तर तो सिंथेसायझर चालूही होत नाही.

म्हणून मी अंधारात चाचपडतेय. दोन धारदार ध्वनिलहरी घेतल्या, एक किंचित चढ्या सुरात लावली, आवाज गाळणारा फिल्टर अर्धा मिटला, तर डास गुणगुणल्यासारखं वाजतं. उघडला, तर कारखान्याचा भोंगा. नुसता वैताग आलाय. दर बदलासरशी डोक्यातला मूळ आवाज थोडा थोडा पुसला जातो, त्याची भीती वाटते. काल पट्ट्यांवर डोकं टेकून रडले. आई पाठमोरी भाकरी थापत होती, तिला कळलं नाही.

आज दुपारी काहीतरी लागलं. जाड, जरासं थरथरणारं. आईला खुणेनं बोलावलं. ती पिठाचे हात घेऊन तशीच समोर बसली. मी वाजवलं. तिनं डोळे मिटले, मान डोलावली, गालावर पाणी आलं. "ह्योच. ह्योच की गं त्यो." मला हायसं वाटलं. मग पाणी प्यायला उठले, तेव्हा तिचं कानाचं मशीन खिडकीत मिठाच्या बरणीशेजारी दिसलं. भाकरी करताना घामानं बिघडतं म्हणून ती काढून ठेवते.

मशीन तिच्या कानात घालून परत वाजवता आलं असतं. नाही वाजवलं. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच सांगते, आप्पा, तो आवाज खरा कसा होता ते आता मलाही आठवत नाही. तिनं 'ह्योच' म्हटलं, म्हणून मी तोच तुमच्या नावानं सेव्ह केला.